पहिलं पिस्तूल १९११ च घ्यायचं असेल तर

डॅलसजवळ फ्रिस्कोला राहणाऱ्या एका मराठी मुलाचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. "ताई, ग्रीन कार्ड होऊन वर्ष झालं. पहिलं पिस्तूल घ्यायचंय आणि मला क्लासिक १९११ च हवंय, लहानपणापासून तेच डोक्यात आहे. आत्तापर्यंत दोनदाच रेंजवर भाड्याचं ९ एमएम चालवलंय. बजेट नऊशे डॉलर. दुकानदार म्हणतो तीन इंची छोटं घे, ऑफिसातला मित्र त्याचं जुनं, ट्रिगरचं काम केलेलं सहाशेला देतोय. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे, बायको फार खूश नाही. काय करू?"

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी कोल्हापूरची, कॉलेजात एनसीसीत .२२ रायफलवर (हा आकडा म्हणजे गोळीचा व्यास, इंचात) हात बसला, मग लग्न होऊन टेक्सासला आले त्याला सोळा वर्षं झाली. १९११, म्हणजे अमेरिकन सैन्याने स्वीकारलं त्या सालावरून नाव पडलेलं पिस्तूल, मी बारा वर्षं चालवतेय आणि शनिवारी आमच्या क्लबच्या रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभी असते, त्यामुळे पहिल्यांदा १९११ हातात घेतलेली माणसं भरपूर बघितलीत. मी गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारी, नाही, वकील तर नाहीच.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारताय कुठलं घेऊ, पण मला वाचताना जाणवलं ते असं की कुठलं घ्यायचं हे तुमचं केव्हाच ठरलंय, अडलंय ते दोन गोष्टींवर. एक, दोनदाच रेंजवर गेलेल्या माणसाला हे पिस्तूल झेपेल का, आणि दोन, लहान मूल असलेल्या घरात ते आणावं का. पहिल्याचं उत्तर हो, फक्त नऊशेच्या नऊशे पिस्तुलावर घालवू नका. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे, त्यावर खाली लिहिलंय, ते गाळून पुढे जाऊ नका.

सुरुवात कागदांपासून करते कारण आपल्या लोकांची गडबड तिथेच होते. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल विकत घेता येतं. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं आणि दुकान तुमच्याच राज्यातलं हवं, दुसऱ्या राज्यातलं किंवा ऑनलाइन घेतलं तर ते तुमच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या दुकानात येतं आणि तिथून तुम्ही उचलता. ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा असतो, त्यात तुमचा ग्रीन कार्डवरचा ए-नंबर लागतो, म्हणून ग्रीन कार्ड बरोबर न्या. ड्रायव्हिंग लायसन्सवर आत्ताचा पत्ता हवा, घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या. आणि नाव. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नुसतं एक अक्षर, तिसऱ्यावर गायब. फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव मागतात, तेव्हा तुमचे कागद एकमेकांशी जुळतात का ते घरीच बघून जा.

एच-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. काही अपवाद आहेत, शिकारीचं वैध लायसन्स हा त्यातला एक, पण त्याच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. तुम्हाला हे सांगायचं कारण म्हणजे नवीन पिस्तूल आलं की मित्र म्हणतात आम्हाला पण रेंजवर घेऊन चल, दोन गोळ्या मारू दे. तो मित्र एच-वनवर असेल तर नाही म्हणा, वाईट वाटलं तरी चालेल. तसंच दुसऱ्यासाठी म्हणून स्वतःच्या नावावर पिस्तूल घेणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढू शकतात. इतकी वर्षं रांगेत काढून मिळवलेलं कार्ड आहे ते. हे सगळं मी टेक्सासच्या हिशोबाने लिहितेय, तुमच्यासारखाच कुणी न्यू जर्सीतून वाचत असेल तर तिथे आधी परमिट काढावं लागतं आणि कॅलिफोर्नियात दुकानदाराला राज्याच्या मान्य यादीतलंच मॉडेल विकता येतं, तिथले नियम वेगळेच आहेत.

आता पिस्तूल. १९११ मध्ये काडतुसं मॅगझिनमध्ये (मुठीत सरकवायच्या डबीत) एकावर एक, चपात्यांच्या चळतीसारखी एकाच रांगेत असतात, म्हणून सिंगल स्टॅक. हल्लीच्या बहुतेक ९ एमएम पिस्तुलांत ती नागमोडी दोन रांगांत बसतात, त्यामुळे १५-१७ मावतात पण मूठ जाड होते. १९११ मध्ये .४५ ची सातच मावतात, पण मूठ सडपातळ राहते. माझे हात लहान आहेत, आणि मला हे पिस्तूल आवडायचं पहिलं कारण तेच होतं, हातात धरल्यावर बोट चापावर (ट्रिगरवर) आपोआप जिथे पडायला हवं तिथे पडलं.

हे पिस्तूल असं का आहे ते कळलं की घेणं सोपं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समधल्या मोरो लोकांशी लढताना अमेरिकन सैन्याला त्यांची .३८ ची रिव्हॉल्व्हर कमी पडतेय असं वाटायला लागलं, म्हणून .४५ ची मागणी आली. जॉन मोझेस ब्राउनिंग हा युटामधल्या ऑग्डेनचा, बंदुका बनवणाऱ्याचाच मुलगा, त्याने कोल्टसाठी हे डिझाइन केलं. मार्च १९११ च्या चाचणीत एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या, मध्ये मध्ये गरम झालं की पाण्यात बुडवून गार करायचे म्हणे, आणि २९ मार्च १९११ ला सैन्याने ते स्वीकारलं. पुढे १९२० च्या दशकात थोडे बदल झाले, ट्रिगर आखूड केला, मुठीची मागची बाजू फुगवली, त्याला ए-१ म्हणतात. १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत हेच सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं. गंमत बघा, ज्या फिलिपिन्समुळे हे जन्माला आलं तिथेच आज रॉक आयलंड कंपनीची १९११ बनतात आणि पहिलं पिस्तूल म्हणून इथे हजारो लोक ती घेतात.

यातून घ्यायचं ते एवढंच की ब्राउनिंगने हे पाच इंची नळी, पूर्ण स्टील, .४५ च्या २३० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल नाकाच्या गोळीसाठी बनवलं. स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) किती मागे जाते, स्प्रिंग किती कडक, काडतूस वर यायला किती वेळ मिळतो, सगळा मेळ त्या मापाला बसवलेला आहे. माप लहान करत गेलं की तो मेळ ओढाताणीचा होतो. तीन इंचीत स्लाइडचा प्रवास कमी, स्प्रिंग जास्त कडक, त्यामुळे मॅगझिन जरा ढिलं असलं, मनगट जरा सैल पडलं की अडकतं. झटका जास्त, पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी म्हणून नेमातली छोटी चूकही कागदावर मोठी दिसते. ज्याला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे आणि कमरेला लावायला हलकं हवंय त्याच्यासाठी ते ठीक आहे, पण तुम्ही शिकणार आहात. दुकानदाराचं मनावर घेऊ नका. पाच इंची, स्टीलचं, साध्या साइटवालं घ्या. रिकामं साधारण १.१ किलो भरतं, आणि हेच वजन झटका खातं, म्हणून जड आहे म्हणून घाबरू नका.

.४५ की ९ एमएम? इथे मी ठाम नाही, परिस्थितीवर आहे. .४५ चा झटका लोक सांगतात तसा हात उखडणारा नाही, जड पिस्तुलात तो एक मोठा सावकाश धक्का वाटतो. पण गोळ्या ९ एमएमपेक्षा दीडपट ते दुपटीपर्यंत महाग पडतात. महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या मारायला जाणार आणि मन .४५ मध्येच अडकलंय तर .४५ घ्या, नाहीतर ते कायम टोचत राहील. दर आठवड्याला जाऊन खरंच चांगलं मारायला शिकायचं असेल तर ९ एमएमचं १९११ घ्या, दिसायला तेच, ट्रिगर तोच, खर्च बराच कमी. मला कुणी फारच खोदून विचारलं तर मी म्हणते पहिलं ९ एमएम, पण मी स्वतः .४५ घेतलं होतं हेही खरंय. आणि आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलला सोनं मिळवलं ते .२२ च्या पिस्तुलावर, म्हणजे हात बसायला .२२ कमी लेखू नका. क्लबमध्ये कुणाचं .२२ चालवायला मिळालं तर आधी दोनशे गोळ्या त्यावर घालवा.

ब्रँडवर भांडणं खूप चालतात, मी थोडक्यात आटपते. रॉक आयलंड किंवा तुर्कस्तानचं टिसास चारशे ते सहाशेच्या दरम्यान मिळतं आणि शिकायला उत्तम आहे. स्प्रिंगफील्डचं मिल-स्पेक, रुगरचं एसआर१९११ हे त्याच्या वरचे, फिनिशिंग बरं असतं. कोल्टला कोल्टचं नाव आहे, पण तुमच्या बजेटमध्ये ते घेतलं तर गोळ्यांना पैसे उरत नाहीत. सिरीज ७० आणि ८० असे शब्द ऐकाल, फरक एवढाच की ८० मध्ये फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सळई) अडवणारा एक जास्तीचा भाग आहे, चाप दाबल्याशिवाय पिन पुढे जाऊ शकत नाही. पडल्यावर उडू नये म्हणून ते. ट्रिगर जाणकाराला जरा वेगळा लागतो, तुम्हाला सुरुवातीला कळणारही नाही. दोन्ही चालतील.

नऊशेची माझी वाटणी अशी: पाचशे-साडेपाचशेचं पिस्तूल, शंभर चांगल्या मॅगझिनना, दीडशे तिजोरी आणि कान-डोळ्यांच्या संरक्षणाला, उरलेल्यात गोळ्या आणि एक दिवसाचा क्लास, आणि क्लासला कमी पडले तर खिशातून घाला पण तो सोडू नका. मॅगझिनवर पैसे का, तर १९११ अडकतं तेव्हा बऱ्याचदा गुन्हेगार मॅगझिनच असतं. बरोबर आलेलं एक असतंच, दोन चांगली अजून घ्या आणि तिन्हींच्या बुडाला मार्करने १, २, ३ लिहा. अडकलं की कुठल्या नंबरवर अडकलं ते वहीत टिपा. दोनशे गोळ्यांनंतर वही बघितली की सगळे अडथळे "२" वरच आहेत असं दिसतं आणि दुरुस्तीला पिस्तूल पाठवायची गरज राहत नाही, ते एक मॅगझिन बाजूला टाकायचं.

आता मित्राचं जुनं. इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण माझं पहिलं १९११ असंच होतं. एका ओळखीच्या माणसाने घरीच ट्रिगर "स्मूथ" केलेला, मला कळत नव्हतं, चाप काचेसारखा सुटायचा आणि मी हरखून गेले. रेंजवर तिसऱ्या की चौथ्या गोळीला स्लाइड बंद झाली आणि घोडा (फायरिंग पिनवर आपटून गोळी उडवणारा मागचा भाग) मागे थांबायच्या ऐवजी स्लाइडच्या मागोमाग पुढे आला, अर्ध्यावर जाऊन अडकला. टक् असा बारीक आवाज आला, मी चाप दाबलाही नव्हता. शेजारच्या लेनवरच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी तो आवाज कानाला मफ लावलेले असताना ओळखला, माझा हात टार्गेटच्या दिशेला तसाच धरायला लावला, मॅगझिन काढायला लावलं, चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसतं ती जागा) रिकामं करून घेतलं आणि मगच पिस्तूल टेबलावर ठेवू दिलं. घासून घासून सिअर (घोड्याला मागे अडवून धरणारा तुकडा) आणि घोड्याची खाच इतकी झिजवली होती की घोड्याला नीट पकडच राहिली नव्हती. तो अर्ध्यावरही अडला नसता तर मी न दाबता गोळी सुटली असती.

म्हणून ट्रिगरचं काम केलेलं असेल तर कुणी केलं हे विचारा. गनस्मिथची पावती असेल तर पुढचं बोला. नसेल तर सहाशे काय, तीनशेलाही घेऊ नका, किंवा गनस्मिथकडून तपासून घेण्याचे पैसे वजा करा. आणि घ्यायचं ठरलंच तर टेक्सासमध्ये दोन रहिवासी आपसात विक्री करू शकतात हे खरं असलं तरी दुकानातून ट्रान्सफर करून घ्या, थोडी फी लागते पण दोघांचाही रेकॉर्ड स्वच्छ राहतो.

जुनं बघायला गेलात तर या तपासण्या करा. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने बघा, मग करंगळी घालून बघा, काडतुसं खोलीतही नकोत, आणि तरीही तोंड सुरक्षित दिशेला. घोडा मागे ओढा, सेफ्टी (अंगठ्याजवळचा, गोळी उडू न देणारा खटका) वर करा, चाप जोरात दाबा, घोडा पडता कामा नये. चाप सोडा, सेफ्टी खाली करा, पिस्तुलाचा मागचा भाग कानाजवळ आणा आणि घोडा अंगठ्याने हळूच अजून मागे ओढा. काहीही ऐकू आलं नाही पाहिजे. बारीक टिक ऐकू आली तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर थोडं सरकलं होतं, म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. मग मुठीमागची ग्रिप सेफ्टी (पिस्तूल पकडलं की तळव्याने दाबली जाणारी पट्टी) न दाबता, नुसतं बाजूंनी धरून चाप दाबा, घोडा पडू नये. मग स्लाइड पाव इंच मागे धरून चाप दाबा, तेव्हाही पडू नये. शेवटी घोडा पूर्ण मागे असताना अंगठ्याने पुढे जोर देऊन बघा, घसरला तर तिथेच आभार मानून निघा. आणि रेंजवर पहिल्यांदा चालवताना मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन, असं. दोष असलाच तर दोनपेक्षा जास्त सुटू शकत नाहीत. मी तर नव्यालाही हेच करते.

चालवण्याबद्दल. १९११ ला चाप दाबून घोडा उठत नाही, घोडा आधी मागे असावा लागतो, चाप फक्त सोडायचं काम करतो. म्हणून ट्रिगर इतका आखूड आणि स्वच्छ असतो, आणि म्हणूनच शिस्त जास्त लागते. भरलेलं, घोडा मागे, सेफ्टी वर असं ठेवायची पद्धत आहे, बघणाऱ्याला ते भीतीदायक वाटतं पण डिझाइनच तसं आहे. तुम्हाला रेंजवर त्याची गरज नाही. मॅगझिन घाला, स्लाइड ओढून सोडा, मारा, संपलं की रिकामं करा, बस. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, चेंबरमध्ये गोळी असताना चाप दाबून घोडा अंगठ्याने हळूच खाली आणायचा. तेलकट अंगठा सटकला की संपलं. खाली आणायचं तर आधी पूर्ण रिकामं करा. आणि सेफ्टी वर असताना स्लाइड लॉक होते, मागे येत नाही, नवीन लोक तिथे घाबरून पिस्तूल इकडेतिकडे वळवून बघायला लागतात. तोंड टार्गेटकडेच ठेवा आणि सेफ्टी खाली करा, एवढंच असतं.

अंगठा कुठे? सेफ्टीच्या वर, तिच्यावर टेकलेला. असा वर धरला की काही हातांत तळवा ग्रिप सेफ्टीपासून सुटतो आणि चाप दाबून काहीच होत नाही. तुमच्याही बाबतीत तसं झालं तर खाली फुगवटा असलेली ग्रिप सेफ्टी मिळते, ती बसवून घ्या, हात बदलायचा प्रयत्न करू नका. हात लहान असतील तर मुठीच्या पातळ पट्ट्या आणि आखूड ट्रिगर मिळतो, चाळीस-पन्नास डॉलरमध्ये पिस्तूल वेगळंच वाटतं. आणि दुसरा हात पुढून घट्ट, कोपर किंचित वाकलेले, डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच आडवा नको, स्लाइड मागे येते तेव्हा सोलून काढते.

पहिल्या दिवशी सात यार्डांवर कागदी प्लेट लावा. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या बहुतेक खाली डावीकडे जातात आणि मग तो साइट फिरवायला लागतो. साइटला हात लावू नका. गोळी सुटायच्या आधीच तुम्ही झटक्याच्या भीतीने पिस्तूल खाली दाबताय. हे स्वतःला कळत नाही, म्हणून मी काय करते, माणसाच्या मॅगझिनमध्ये त्याच्या नकळत एक-दोन डमी (दारू नसलेली) काडतुसं मिसळते. डमीवर चाप दाबला की आवाज होत नाही पण पिस्तुलाचं नाक दोन इंच खाली जातं, सगळ्यांना दिसतं, त्यालाही दिसतं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की सुधारणा तिथल्या तिथे सुरू होते. तुम्ही एकटे असाल तर डोळे मिटून पाच खऱ्या आणि दोन डमी मिसळून ठेवा आणि तशाच भरा. घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करता येतो, १९११ ला त्याने काही होत नाही, पण काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात आणि समोरची भिंत गोळी अडवेल अशी, हे रोज, न चुकता.

एका दिवशी पन्नास गोळ्या पुरेत. शंभरानंतर हात थकतो आणि तुम्ही चुका पाठ करायला लागता.

अडकलं तर आधी मॅगझिनचा नंबर बघा, मग मनगट सैल होतं का, मग गोळी बदला, पहिल्या दोनशे-तीनशे तरी साध्या गोल नाकाच्याच मारा. एवढं करूनही रिकामं टरफल बाहेर न पडता तिरकं अडकत असेल तर दोष एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे टरफल ओढून काढणाऱ्या भागाचा. हा आतल्या अंगाला बसवलेला स्प्रिंग स्टीलचा लांब तुकडा असतो आणि काडतूस मॅगझिनमधून वर येताना खालून त्याच्या आकड्यात सरकतं. म्हणून काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडायची नाही, आकडा कडेवरून जबरदस्तीने उडी मारतो आणि हळूहळू वाकतो. तसंच रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडायची नाही, हाताने धरून पुढे न्यायची. दुकानात दुसऱ्याचं पिस्तूल बघताना तर हे नक्की पाळा.

साफ करताना नळीच्या तोंडाशी असलेलं बुशिंग (नळी धरून ठेवणारं कडं) फिरवलं की रिकॉइल स्प्रिंगची टोपी गोळीसारखी उडते. माझी एकदा किचनच्या दिव्यात गेली. अंगठा दाबून धरा, चष्मा घाला. आणि परत जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारा, आडव्या पिनेचा खटका) सरळ आत ढकला, खालून वर घासत नेलात तर फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा पडतो आणि तो जात नाही. तेल स्लाइडच्या रुळांना आणि नळीच्या बाहेर जिथे चकाकी दिसते तिथे, इतर पिस्तुलांपेक्षा जरा सढळ हाताने. स्प्रिंग दोन-तीन हजार गोळ्यांनी बदला, फार महाग नसते. आपल्या घामाने काळ्या फिनिशवर गंज पकडतो, टेक्सासच्या उन्हाळ्यात तर दोन दिवसांत, तेव्हा रेंजवरून आल्यावर तेलाच्या फडक्याने पुसून मगच आत ठेवायचं.

आता घर. अडीच वर्षांची मुलगी म्हणजे अजून वर्षभरात खुर्चीवर चढून वरचं कपाट उघडेल. उंच ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे, कपड्यांखाली लपवणं तर अजिबातच नाही. भिंतीला किंवा फर्निचरला बोल्ट मारलेली छोटी स्टीलची तिजोरी, आत पिस्तूल रिकामं आणि बरोबर येणाऱ्या केबल लॉकने अडकवलेलं, काडतुसं वेगळ्या कुलुपात. टेक्सासमध्ये तुमच्या निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर तो गुन्हा आहे, पण कायद्यासाठी करू नका, त्या पोरीसाठी करा. तिजोरी आधी बसवायची, पिस्तूल नंतर आणायचं, हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

रेंजवर शिशाची धूळ असते, बंद रेंजवर जास्त. परत आल्यावर मुलीला उचलायच्या आधी हात-तोंड साबणाने गार पाण्याने धुवा, शर्ट बदला, बूट बाहेर. आमच्या घरी हा नियम इतका पक्का होता की माझा मुलगा मला दारात बघून म्हणायचा, आई आधी हात धू.

आणि तुमच्या मिसेस. त्यांना मनवायचा प्रयत्न करू नका. त्यांची भीती खरी आहे. तिजोरी कुठे बसवायची ते त्यांना ठरवू द्या. ग्रीन कार्ड दोघांचंही असेल तर एक दिवसाच्या क्लासला दोघं जा, त्यांना पिस्तूल घ्यायचं नसलं तरी ते रिकामं आहे की भरलेलं हे ओळखता आलं पाहिजे, एकाच घरात राहणार आहात. आणि सगळं बघूनही त्या नाही म्हणाल्या तर वर्षभर भाड्याच्या १९११ वर शिका. मी दोन जणांना असं करताना बघितलंय, वर्षाने त्यांनी जे घेतलं ते त्यांनी आधी घेतलं असतं त्यापेक्षा कितीतरी बरं होतं.

एक राहिलंच, आणि हे बाकी कुणी सांगणार नाही. रेंजला नेण्याची बॅग वेगळी ठेवा आणि ती बॅग भारताच्या प्रवासाला कधीच वापरू नका. बॅकपॅकच्या अस्तरात एक काडतूस घसरून राहतं, इथल्या विमानतळावर सुटून जातं, आणि परतीला मुंबईच्या किंवा दिल्लीच्या एक्स-रेमध्ये दिसतं. भारतात एका जिवंत काडतुसावरही शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, पासपोर्ट अडकतो, नोकरीवर परतायची तारीख निघून जाते. नकळत राहिलं होतं हे कोर्टात पटवता येतं, बऱ्याच लोकांचे गुन्हे हायकोर्टाने रद्दही केलेत, पण तोपर्यंतचे महिने कुणी परत देत नाही. माझी रेंजची बॅग भडक केशरी आहे, मुद्दाम, म्हणजे गडबडीत कुणी त्यात लाडू-चिवडा भरणार नाही.

दुकानात दोन-तीन बघून झाली की मॉडेलची पूर्ण नावं लिहा, आणि मित्राचं घ्यायचं ठरत असेल तर कानाजवळच्या तपासणीत टिक ऐकू आली का तेही लिहा. मग पुढचं बोलू.